दाजी कुणासाठी थांबत नाहीत

कुणी कुणासाठी थांबू नये असं मानणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण त्यापायी बायकोच्या चुलीची मांडणी बदलणारा, पाहुण्यांना दारात ताटकळत ठेवणारा आणि कोंबडीशी भांडण काढणारा माणूस एकच, तो म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हे यजमान. अणशीच्या अलीकडं जंगलात त्यांचं गाव. चार घरं, भाताची खाचरं आणि खाचरांत न विचारता येणारे गवे. बरीच वर्षं बेंगळूरला काढून दाजी एक लॅपटॉप, एक इन्व्हर्टर आणि एक मोठा सिद्धांत घेऊन गावी परतले. आता माळ्यावर बसून ते कुठल्याशा परदेशी कंपनीसाठी आवाजाची सॉफ्टवेअर लिहितात. सुप्याच्या धरणावर तयार झालेली वीज यांच्या डोक्यावरून परगावी जाते आणि हे अर्धा दिवस बॅटरीवर काढतात, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नसते. त्यांची तक्रार असते ती फक्त उशिराबद्दल.

सिद्धांत त्यांनी मला इतक्यांदा समजावलाय की आता मीही शिकवू शकेन. संगणकात एकाच वेळी कामाच्या बऱ्याच धारा चालू असतात, त्यांना थ्रेड म्हणायचं. एक पडद्यावर चित्रं काढते, एक फायली लिहिते, आणि एक आवाज चालवते. ही आवाजाची धारा म्हणजे घरची सगळ्यांत मानाची. पापणी लवायच्या आत तिनं आवाजाचा पुढचा घास तयार ठेवायचा. एकदा चुकली की ऐकणाऱ्याच्या कानात 'टक्' वाजतं. म्हणून ती जन्माला येतानाच संगणकाच्या कारभाऱ्याकडून कबूल करून घ्यायचं की हिचा नंबर पहिला. तिला लागणारी जागा आधीच राखून ठेवायची, आयत्या वेळी तिनं काही मागायचं नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाची वाट बघायची नाही. हे सगळं ऐकून अक्का म्हणाली, "असली सून कुणाच्या घरात नांदत्या, तेवढं सांगा."

दाजींनी ते मनावर घेतलं आणि अक्कालाच तसं नांदवायचं ठरवलं. भाकरीच्या तव्यावरचं माणूस म्हणजे आवाजाची धारा. तिनं उठायचं नाही. पीठ, पाणी, लाकडं सगळं आधी हाताशी. तिला कुणी काही विचारायचंही नाही. काय हवं त्याची खूण दाराजवळच्या सुपात टाकून पुढं जायचं, सवड मिळेल तशी ती बघेल. लिंबू टाकलं तर चहा, मिरची टाकली तर जेवायला माणूस वाढलं, भुईमुगाची शेंग म्हणजे पाहुणे आलेत. मी रामनगरहून गेले त्या दिवशी दाजींनी मोठ्या ऐटीत सुपात शेंग टाकली आणि मला ओसरीवर बसवलं. बराच वेळ पाणीसुद्धा आलं नाही. शेवटी मी आत डोकावले तर कोंबडी निरोप खाऊन निवांत झाली होती. दाजींनी दिवसभर तिला बोल लावले, पद्धतीला एका शब्दानं नाही.

एकदा माझे यजमान त्यांच्याकडं न्हाणीघरात शिरले. आमचे हे स्वभावानं सावकाश. आतून कडी लावून अंगाला उटणं चोळत बसले, आणि बाहेर खांद्यावर पंचा टाकून दाजी उभे, कारण त्यांची परदेशी मीटिंग सुरू व्हायची होती. ह्यांना हाक मारायची सोडून ते मला सांगत राहिले, "बग, ह्योच घोटाळा संगणकात हुतो. घाईच्या माणसानं कधी निवांत माणसाच्या कडीवर अवलंबून ऱ्हाऊ न्हाई." तेव्हापासून ते विहिरीवर आंघोळ करतात.

या सगळ्या वेडात एक जिवाची गोष्ट होती, ती म्हणजे दाजींचे वडील. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. गावच्या देवळात भजनाचा पुढचा टाळ त्यांचा, अभंग उचलायचा तो त्यांनीच. कान पार गेलेले, तरी मामा कधी तालाला चुकत नाहीत, असा सगळ्या गावाला अभिमान. दुकानातून आणलेलं कानातलं यंत्र टाळ वाजला की किंचाळायचं, म्हणून ते खिशात असायचं. मग एक दिवस मामांनीच सांगून टाकलं, "औंदाचा सप्ताह झाला की टाळ नानाकडं देतो. ऐकू येत न्हाई, उगा अंदाजानं म्हणायचं, बरं न्हवं." नाना म्हणजे मृदंगवाला, त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. त्या दिवशी अक्का मला फोनवर म्हणाली, "टाळ सुटला तर मामा बसत्याली ते उठायचं न्हाईत गे." आणि दाजींनी लॅपटॉप उघडला.

टाळाची किंकाळी कापायची, पेटी-मृदंग-गळा तेवढा उचलायचा आणि कणभरही उशीर न लावता मामांच्या कानात घालायचा, असा त्यांचा बेत. पहिले कित्येक दिवस मामांच्या कानात टक् टक् व्हायचं आणि मामा त्यालाच मृदंग समजून गायला लागायचे. दाजी शोधून शोधून थकले. अखेर कळलं की आवाजाची धारा पडद्यावर चित्रं काढणाऱ्या धारेच्या कडीबाहेर उभी राहते. "तुझ्या न्हवऱ्यासारखी एक आत बसली हुती," असं त्यांनी मला मुद्दाम फोन करून कळवलं.

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी देवळात मांडामांड झाली. एक माईक नानांच्या मृदंगाशी, एक पेटीपाशी, वायर मामांच्या कानात. अभंग उचलला तो मामांनी असा नेमका की मला भरून आलं. पण पुढं सगळंच विस्कटलं. मामा पुढं, मृदंग मागं, पेटी त्याच्याही मागं. दाजी घाम पुसत पडद्यावर वाकले आणि पुटपुटत राहिले, "माझ्याकडनं उशीर न्हाई, माझ्याकडनं न्हाई."

तेवढ्यात नाना माईकवरूनच पेटीवाल्याकडं कलले आणि साध्या आवाजात म्हणाले, "थांब गा जरा, म्हातारं यायचं हाय आजून."

मामांचा टाळ थांबला. ते नानांकडं वळले. "म्हातारं आलंय," ते म्हणाले.

नाना मान खाली घालून मृदंगाची शाई कुरवाळत बसले. मग म्हणाले, "सवय झाल्या, मामा. तुमी येस्तवर हात आपसूक थांबतोय. तुमच्यासमोरच बोलतोय की, तुमाला कुठं ऐकू येतंय."

"कवापास्न?"

"कोण मोजतंय," नाना म्हणाले.

म्हणजे मामांचा ताल कधीच सुटला होता. तो सांभाळत होती ती ही मंडळी, मामांच्या तोंडावर, रोज. ऐकून मला हसू आलं आणि रडूही. मामांनी कानातली वायर काढून मुलाच्या हातात दिली. दाजींचा चेहरा पडला. मामा आता टाळही खाली ठेवणार असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. मामांनी उपरण्यानं डोळे पुसले, टाळाची दोरी बोटांना नीट गुंडाळली आणि म्हणाले, "इतकी वर्सं वाट बगत बसल्यात ही माणसं. आता मी आलोच न्हाई, तर बगायची कुणाची?" आणि अभंग पुन्हा उचलला, चांगला अर्धा ठेका उशिरा. सगळे त्यांच्यासाठी थांबले होते.

मामा अजून गातात. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा दाजी माळ्यावर नव्हते. देवळात नानांच्या शेजारी बसून टाळ शिकत होते. त्यांचा हात सारखा पुढं धावतो. मग नाना वाजवता वाजवता नुसते त्यांच्याकडं बघतात, दाजींचे टाळ हवेतच अंतर राखून थांबतात, आणि मामा येईपर्यंत दाजी तसेच बसून राहतात, तोंड किंचित उघडं टाकून. त्या वेळी ते मला फार आवडतात.