मखमलीवर फुंकर

आत्यानं पुण्यात चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. त्यात मखमलीचेही खूप, पण ती सगळी मखमल नायलॉनची. अस्सल रेशमी मखमलीला एकदा हात लावायचा, एवढ्यासाठीच आपण लंडनला, माझ्याकडे ईलिंगला आलो, असं ती सगळ्यांना सांगायची. मला भेटणं हे जाता जाता. परत जायच्या आदल्या दिवशी अखेर मी तिला एका इंग्रज सरदाराच्या जुन्या हवेलीत नेलं.

तिथे चारशे वर्षांपूर्वीचा पलंग होता. त्यावर कुठलासा राजा झोपणार होता, पण तो आलाच नाही. तरी पलंगाभोवती दोरी होती. माहिती सांगणाऱ्या बाईंनी देवळात बोलावं तशा आवाजात पलंगाच्या किरमिजी मखमली पडद्यांची कथा सांगितली. विणताना रेशमाचे फेरे बारीक सळ्यांवरून घ्यायचे, मग पात्यानं एकेक ओळ कापायची. दिवसभरात वीतभर कापड झालं तरी पुष्कळ.

"विचार, हात लावू का?" आत्या म्हणाली.

मी विचारलं.

"हात लागून लागून मखमलीची लव मरते," बाई म्हणाल्या.

"बरोबर आहे हो त्यांचं," आत्या म्हणाली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती दोरीवरून वाकली आणि तिनं पडद्यावर जोरात फुंकर मारली.

लव कुठल्या दिशेला बसते, हे ती कापड कापण्याआधी असंच बघायची. तरुणपणी एकदा बघायचं राहिलं, तर एका बाहीची लव उलटी आली, एक बाही गडद आणि एक फिकट झाली. नवरी एक हात उसना आणल्यासारखी दिसत होती.

लव दुभंगली. कित्येक पिढ्यांची धूळ उडाली. कुठेतरी अलार्म वाजला आणि बाई तीनदा शिंकल्या.

"खालच्या दिशेनं बसते. मुळापर्यंत रेशीम आहे," आत्यानं निकाल दिला. "पण इथे झाडझूड कोण करतं?"

पहिलं तेवढं मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी दाराकडे पाहिलं आणि वाकून स्वतःच एक फुंकर मारून बघितली.

या वेळी एक किरमिजी तूस उडालं आणि आत्याच्या स्वेटरवर येऊन बसलं. बाईंना ते दिसलं. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि समोरच्या भिंतीला झुंबराची माहिती सांगायला सुरुवात केली.

ईलिंगच्या स्टेशनवर आत्याचं तिकीटही मलाच गेटमध्ये घालावं लागलं. हवेलीपासून तिनं उजव्या हाताची चिमूट उघडली नव्हती.