आमच्या राजकीय समितीची वैशालीताई

मी वैशालीताईला रस्त्यावर सोडून गाडीत पळाले होते.
आणि आतून दारं लॉक केली होती.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

ताई इथे परदेशात आम्हा भारतीय फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेची राजकीय समिती चालवायची. समिती म्हणजे पाच जणी आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप.
इलेक्शन आलं की सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना शहरातल्या बॉल्सब्रिज भागातल्या एका हॉटेलात बोलवायचं. प्रश्न एकच. परदेशी डिग्रीचं रजिस्ट्रेशन लवकर व्हावं म्हणून संसदेत तुम्ही काय कराल?
ज्याचं उत्तर पटेल, त्याच्यासाठी दारोदार फिरायचं.

संसदेच्या इलेक्शनमध्ये आम्हा दोघींना मत नव्हतं. आम्ही वर्क परमिटवर, नागरिक नाही.
"मत नसलं म्हणून काय, तोंड आहे ना?" ताई म्हणायची.

त्या शनिवारी स्वोर्ड्स या उपनगरात आम्ही एका बाई उमेदवाराची पत्रकं वाटत होतो. पहिली काही दारं अगदी छान गेली, लोक हसून पत्रक घेत होते.
मग एका दारातून एक माणूस फोन समोर धरूनच बाहेर आला. रेकॉर्डिंग चालू.
"कोणी पाठवलं तुम्हाला? राहता कुठे?" तो इंग्लिशमध्ये ओरडत मागे यायला लागला.

आपल्या लोकांना रस्त्यात मारल्याच्या बातम्या डोक्यात होत्याच.
मी पळाले.

काचेवर टकटक झाली.
"केतकी, उघड गं."
तो तिच्या मागेच उभा होता. माझा हात बटणाकडे जाईचना.
किती वेळ गेला, माहीत नाही. शेवटी उघडलं.

मला वाटलं, ती रागावेल. पण तीनदा प्रयत्न करूनही तिला सीटबेल्ट लावता येईना.
"मलाही भीती वाटते गं. सकाळपासून वाटतेय."
"मग येतेस कशाला?"
"डिग्री असून रजिस्ट्रेशन नाही म्हणून तू दोन वर्षं केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्यास. पुढच्या पोरीवर ती वेळ नको."

संध्याकाळी व्हिडिओ फेसबुकवर फिरला. ताईचा चेहरा स्पष्ट. माझी फक्त पळणारी पाठ.
खरं सांगते, मला हायसं वाटलं.

पुढच्या शनिवारी ती परत गेली. मी ताप आल्याचं कळवलं.
"काळजी घे. खिचडी आणून देऊ?" तिचा मेसेज.
तिला कळलं होतं. नक्की कळलं होतं.

त्या उमेदवार बाई मतमोजणीच्या शेवटच्या फेरीत, मतदारसंघातल्या अनेक जागांपैकी शेवटच्या जागेवर निवडून आल्या. काही महिन्यांनी त्यांनी आमचा प्रश्न सभागृहात विचारला. उत्तर गोलमोल मिळालं, पण प्रश्न नोंदला गेला.
तोवर ताईला जाऊन तीन आठवडे झाले होते. मेंदूत रक्तस्राव. घरात उभ्याउभ्या कोसळली.

गेल्या महिन्यात समितीने विचारलं, ताईच्या जागी कोण?
मी हो म्हटलं.
भीती गेलेली नाही. समोरच्याने नुसता फोन वर उचलला तरी मी आधी गाडी कुठे लावलीय ते बघते.

आज सकाळी ठाण्याला तिच्या आईंशी फोनवर बोलले. त्यांना अजूनही वाटतं, लेक दर शनिवारी देवळात जायची.
तिनेच तसं सांगितलं होतं. त्यांना घोर नको म्हणून.
मी हो ला हो केलं.

जा सुखाने, ताई. मनापासून नमस्कार.