हनोखाच्या नावापुढची ओळ

चुका काढणाऱ्या माणसाला मित्र कमी असतात. प्रूफकाकांना तर लोक लग्नपत्रिकासुद्धा धास्तीने द्यायचे, कारण तारीख बघायच्या आधी त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे जायचा. शेजारच्या मास्तरांनी बायकोच्या कबरीवर दगड बसवला, त्याच दिवशी, मास्तर डोळे पुसत असताना, काकांनी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, “दुसऱ्या ओळीत वेलांटी चुकली आहे.” मास्तर त्यानंतर वर्षभर बोलले नाहीत. पण दगड मात्र बदलला.

छापखान्यात काकांची चौतीस वर्षं गेली. धर्मग्रंथ, प्रवचनं, त्यांवरच्या टीका असलं काम. मागच्या अरुंद खोलीत खिडकीखाली दोन खुर्च्या. एका खुर्चीत काका, पुढ्यात छापून आलेला कच्चा कागद आणि ओळीखाली सरकवायची लाकडी पट्टी. समोर वाचकबाई, हातात मूळ हस्तलिखित. बाईंनी मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि काकांनी कागदावर ताडून बघायचं. बाईंना सगळा छापखाना ‘रेडिओ’ म्हणायचा. कारण उघड होतं. बातम्याही त्याच स्टेशनवरून लागत.

त्या वर्षी एक जाडजूड ग्रंथ चालू होता: बायबलातल्या वंशावळ्या आणि त्यांतून निघालेले जुने लोक. कोण कुणाचा मुलगा, कुठल्या मुलापासून कुठलं राष्ट्र. नोहाला तीन मुलगे आणि त्या तिघांत सगळी पृथ्वी वाटलेली. काका म्हणायचे, “तिघा भावांत पृथ्वी वाटून झाली. आमच्या जिन्यात तिघांत एक नळ वाटून होत नाही.” ग्रंथ लिहिणाऱ्या पंडिताचं म्हणणं असं, की यातले बरेचसे पूर्वज म्हणजे मुळात देशांची आणि टोळ्यांचीच नावं. लोकांना आपण कुणाचे हे सांगायला एक बाप लागतो, आणि तो ठाऊक नसेल तर ते बसवून घेतात.

“शेमचे मुलगे, दोन टिंबं,” बाई वाचत, “एलाम स्वल्पविराम, अश्शूर स्वल्पविराम, अर्पक्षद स्वल्पविराम, लूद आणि अराम पूर्णविराम. आणि तुमची सून काल चष्मेवाल्याच्या दुकानात पाऊण तास होती, पूर्णविराम.”

“मजकुरात नाही ते वाचू नका.”

“मजकुरात येईल लवकरच. काका, तुमच्या चष्म्याचा स्क्रू महिन्यात किती वेळा ढिला होतो हो?”

काका पट्टी खालच्या ओळीवर सरकवत. कान लाल झालेले असत, ते मात्र पट्टीखाली झाकता येत नव्हते.

आता घरची गोष्ट. काकांची बायको कधीच गेली होती. एकुलता एक मुलगा विजेचं काम करायचा. आठ वर्षांपूर्वी एका कामासाठी तो सकाळच्या बसने परगावी निघाला. मधल्या थांब्यावर उतरला आणि परत चढलाच नाही. बॅग सीटवर राहिली. तीन दिवसांनी ती घरी आली: घडी न मोडलेले दोन शर्ट, टेस्टर, दाढीचा ब्रश. माणूस नाही, प्रेत नाही, चिठ्ठी नाही. पोलीस थकले, नातेवाईक त्याहून लवकर थकले. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली सून माहेरी जाईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती गेली नाही. लॉंड्रीत इस्त्रीच्या कामाला लागली आणि सासऱ्याचं जेवणखाण, औषधपाणी बघत राहिली. चावीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती दोघं आठ वर्षं एकमेकांना जपत होती, आणि एकच विषय सोडून सगळं बोलत होती.

चष्मेवाला चाळिशीचा, विधुर, कमी बोलणारा. वाईट शोधायला गेलं तर त्याच्यात एवढंच सापडायचं की तो शिट्टी बेसूर वाजवतो. एका रविवारी दुपारी ताटं उचलल्यावर सुनेने टेबलावर सरकारी कागद ठेवला. सात वर्षांवर बेपत्ता असलेल्या माणसाची नोंद मृत म्हणून करायचा अर्ज. त्यावर रक्ताच्या नातेवाइकाची सही लागते, आणि असं रक्त आता एकाच माणसाच्या अंगात उरलं होतं.

काकांनी कागदाला हात लावला नाही. “आदामापासून नोहापर्यंत दहा पिढ्या आहेत,” ते म्हणाले. “प्रत्येकाचं लिहिलंय, इतकी वर्षं जगला आणि मेला. आदाम मेला, शेथ मेला, यारेद नऊशे बासष्ट वर्षांचा होऊन मेला. सातवा हनोख. त्याच्यापुढे ‘मेला’ नाही. तो दिसेनासा झाला, देवाने नेला, एवढंच. कुणी त्याचा अर्ज केला नाही.”

“बाबा, हनोख तीनशे पासष्ट वर्षांचा होता. माझ्याकडे तेवढी नाहीत.”

काकांनी कागद ओढला आणि पेन काढलं. सुनेला वाटलं, सही करतायत. त्यांनी तीन चुका काढल्या. आडनावात एक, पत्त्यात एक, आणि एका वाक्याला क्रियापदच नव्हतं. “असल्या कागदावर मी सही करणार नाही. शुद्ध करून आण.”

सुनेने अर्धा दिवस रजा टाकून तो टाइप करून आणला. काकांनी दोन चुका काढल्या. तिसऱ्यांदा आणायला गेली तेव्हा कचेरीतला कारकून तिला म्हणाला, “बाई, तुमच्या सासऱ्यांना इथेच नोकरीला पाठवा, म्हणजे आम्ही सगळे राजीनामे देतो.” ती हसली, आणि जिन्यात बसून थोडं रडली. हे चावीवाल्याने पाहिलं, चावीवाल्याकडून रेडिओकडे गेलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रसारित झालं.

“काका,” बाई या वेळी विरामचिन्हांशिवाय म्हणाल्या, “ती पोर छत्तिशीची झाली. चुका संपल्या की काय काढणार आहात?”

“वाचा पुढे.”

बाईंनी वाचलं. योगायोग म्हणा किंवा काही म्हणा, तेव्हा त्याच दहा पिढ्यांचं प्रकरण चालू होतं.

छापखान्यात हे प्रकरण नवशिक्यांचा सापळा म्हणून प्रसिद्ध होतं. सहा जण ओळीने मेल्यावर डोळ्याला सवय लागते. सातव्यापाशी ती ओळ दिसली नाही की नवखा माणूस समजतो, अक्षरं जुळवताना सुटली, आणि समासात भरून टाकतो. काकांनी चौतीस वर्षांत पाच जणांना यात पकडलं होतं आणि प्रत्येकाची यथेच्छ टर उडवली होती. “एका झटक्यात देवाच्या हातून माणूस ओढून घेतलास,” असं ते म्हणत, आणि नवशिक्याचा चेहरा बघण्यासारखा होई.

तीन आठवड्यांनी मालकांनी काकांना आत बोलावलं. टेबलावर त्या प्रकरणाचे फर्मे, म्हणजे छापून झालेले मोठे ताव होते आणि शेजारी कच्चा कागद. मालक वयाने लहान. काकांच्या मांडीवर खेळलेले नसले तरी काकांची बोलणी खाल्लेले होते, त्यामुळे आवाज खाली ठेवूनच म्हणाले, “पंडितांचा फोन आला होता. हनोखाच्या पुढे...”

काकांनी वाकून पाहिलं. कच्च्या कागदावर हनोखाच्या परिच्छेदाखाली लाल शाईत खूण होती, आणि समासात स्वच्छ, गोल, वळणदार अक्षरात: ‘आणि तो मेला.’

“मी वाचताना चुकले असेन,” दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या पुरेसं मोठ्याने बोलल्या नव्हत्या.

“तुम्ही बरोबर वाचलंत. मला ऐकू आलं होतं.” काकांनी समासावरून बोट फिरवलं. “अक्षर माझं आहे.”

कधी लिहिलं, ते त्यांना आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न त्यांनी मनापासून केला. त्या दिवशी खिडकीतून ऊन येत होतं, बाईंचा घसा बसला होता, ‘यारेद’ नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी बाईंना पुन्हा वाचायला लावला होता. एवढं सगळं आठवलं. हात सातव्या नावापाशी थांबला आणि त्याने ही ओळ घातली, तेवढं मात्र आठवलं नाही. ओळीत खाडाखोड नव्हती. हात अडखळलेलाही दिसत नव्हता.

“मनाला लावून घेऊ नका,” मालक म्हणाले. “दोन तासांचं काम आहे. फर्मा पुन्हा छापू, हनोख पुन्हा जिवंत.”

मालकांना बिचाऱ्यांना आपण काय बोललो ते कळलं नाही. बाईंना कळलं. त्यांनी पदराने तोंड दाबलं.

काका त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतच घरी गेले. सून नुकतीच लॉंड्रीतून आली होती, हाताला वाफेचा वास होता. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “तो कागद आण.”

“अजून चौथ्यांदा टाइप केलेला नाही, बाबा. दुसऱ्या पानावर...”

“असू दे. आण.”

तिने आणला. रिकाम्या जागा भरायच्या होत्या. नाव त्यांनी लिहिलं. बापाचं नाव लिहिलं, म्हणजे स्वतःचंच. मग आली मृत्यूची तारीख. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“बॅग आली तो दिवस घाला,” ती हळूच म्हणाली.

“त्या दिवशी तो जिवंत होता. मी दिवसभर त्याला शिव्या घातल्या होत्या. मेलेल्या मुलाला कुणी शिव्या घालतं का?”

“मग निघाला तो दिवस.”

काकांनी तीच तारीख घातली. पुढच्या रकान्यात वय होतं. तिथे त्यांनी जराही न थांबता लिहिलं: एकोणचाळीस.

सून जवळ सरकली. “बाबा, ते वय आजचं झालं.”

“म्हणजे?”

“तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते.”

काकांनी कागदाकडे पाहिलं. आठ वर्षं ते दर वाढदिवसाला मुलाचं वय मनात एकेकाने वाढवत आले होते. आता केस पांढरे व्हायला लागले असतील, आता चष्मा लागला असेल, आता पोट सुटलं असेल. तो एकोणचाळीस वर्षांचा माणूस त्यांना अगदी तोंडपाठ होता. इतर कुणी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी ‘एकोणचाळीस’वर एक सरळ रेघ मारली, वर ‘एकतीस’ लिहिलं, आणि खाली सही केली. हात अडखळला नाही. सही झाल्यावर मात्र त्यांनी पेन कुठे ठेवायचं ते न समजल्यासारखं धरून ठेवलं. सुनेने ते त्यांच्या बोटांतून हळूच सोडवून घेतलं.

“एकतीस म्हणजे,” काका म्हणाले, “अगदीच लहान होता गं.”

ती खुर्चीशेजारी खाली बसली आणि शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांत आडवा धरून राहिली.