बसूअण्णांचा पंचा

म्हशीच्या पाठीवर बसूअण्णांचा हात टेकला, की आमची गल्ली गप्प व्हायची. हात टेकवून ते डोळे मिटायचे आणि थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मग तो हात नुसताच मागं घेतला, तर जनावर राहिलं. खांद्यावरच्या पंच्याला पुसला, तर त्याचं या गोठ्यातलं दाणापाणी संपलं. तोंडानं ते काही बोलत नसत. दुसऱ्या दिवशी टेम्पो यायचा आणि कोणी विचारलंच तर उत्तर एकच, "वडगावला धाडली." वडगावला जनावरांचा बाजार भरतो, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून पुढं भाकड म्हैस कुठं जाते, हे कोणी विचारत नसे.

गंगावेशीत माझं औषधांचं दुकान आणि समोरच अण्णांचा दूधकट्टा. संध्याकाळी म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात, धार थेट पेल्यात पडते आणि गिऱ्हाईक ती फेसासकट उभ्याउभ्या पितं. अण्णा लिंगायत गवळी. कपाळावर भस्माचे पट्टे, आणि आवाज असा की साधं "या पावणं" म्हटलं तरी नवखा माणूस दचकावा. अशा माणसाच्या हातात मोबाइल, आणि त्यात चित्रातली जनावरं पकडायचा खेळ! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. खेळ त्यांच्या मुलानं, विरूनं, शिकवला होता. पुढं माझी साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि चालण्याचा कंटाळा म्हणून मीही त्याच खेळात पडले.

खेळ सोपा आहे. फिरता फिरता विचित्र जनावरं पकडायची, खाऊ घालून ती वाढवायची आणि चारचौघांनी मिळून एखाद्या राक्षसाशी झुंजवायची. मात्र दर थोड्या दिवसांनी नवी, जास्त ताकदीची जनावरं येतात आणि जुनी मागं पडतात. जुनं सोडून दिलं की बदल्यात नव्यासाठी खाऊ मिळतो. त्यामुळं खेळणाऱ्यांपुढं सारखा एकच प्रश्न, जुनं पोसायचं की सोडायचं. आमच्या भागातले सगळे हा प्रश्न घेऊन अण्णांच्या कट्ट्यावर यायचे.

माझ्याकडं आगीच्या पंखांची एक घार होती, अगदी सुरुवातीला पकडलेली. "अण्णा, हिच्या ताकदीचा आकडा आता फार कमी पडतो," मी म्हणाले.

"आकडा बाजारात वरडाय असतोय, वैनी," अण्णा म्हणाले. "ही कुनासंगं झुंजनार, हिच्या शेजारी कोन उभं ऱ्हानार, आनि मार खाऊन किती येळ तग धरनार, त्ये बगा की. जित्राब म्हातारं हुत न्हाय. त्याचं काम म्हातारं हुतंय. काम हाय तवर पोसायचं."

एवढं बोलून त्यांनी घारीच्या चित्रावर अंगठा टेकवला, डोळे मिटले आणि अंगठा पंच्याला पुसला. मी घार सोडली. खेळच तो, पण घरी गेल्यावर जेवण गोड लागलं नाही, हे खरं.

अण्णांचं स्वतःचं सगळ्यात जुनं जनावर म्हणजे ढेकळ्या. दिसायला मातीच्या ढेकळासारखा, म्हणून अण्णांनीच ठेवलेलं नाव. आकडा अगदीच सामान्य. पण त्याच्याकडं एक जुना डाव होता, जो नव्या जनावरांना आता मिळतच नाही. एकदा रंकाळ्यावर आम्ही सगळे एका राक्षसाला भिडलो होतो. तरण्याताठ्या पोरांची महागडी जनावरं पटापट आडवी झाली आणि शेवटी एकटा ढेकळ्या उभा राहिला. त्यानं तो डाव टाकला आणि राक्षस कोसळला. "काम हाय त्याला अजून!" अण्णा असे ओरडले की भेळवाल्यानंही मान वर करून बघितलं. इतके खूश झालेले अण्णा मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रत्नी गेली. ही त्यांच्या गोठ्यातली जुनी म्हैस, माझ्या मुलीनं लहानपणी हिचंच दूध प्यालेलं. टेम्पो निघाला तेव्हा अण्णा भिंतीकडं तोंड करून उभे होते. मला राहवलं नाही. "इतकी वर्षं दूध दिलं तिनं. निदान निरोप तरी द्या!"

"जाताना बगायचं न्हाय, वैनी," ते भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आपन बगितलं की ते वळून बगतंय. माया गोठ्याच्या भायेर ठेवायची, न्हायतर धंदा हुत न्हाय."

उन्हाळ्यात विरू माझ्या दुकानातून एक गोळी न्यायला लागला. हाताचा कंप कमी करायची गोळी. चिठ्ठीवर अण्णांचं नाव होतं.  त्या दिवसापासून धार काढतानाच्या त्यांच्या हातांकडं माझं लक्ष जायला लागलं.

त्याच सुमाराला खेळात बदल झाला आणि ढेकळ्याच्या त्या जुन्या डावाचा जोर निम्मा झाला. सगळे कट्ट्यावर गोळा झाले. आता अण्णा काय करणार? अण्णांनी चित्रावर अंगठा टेकवला. तो थरथरत होता. त्यांनी तो पुसला नाही आणि उचललाही नाही. मग फोनच खिशात घातला. "आज नगं. उद्या बगू." दुसऱ्या दिवशीही तेच ऐकलं. उद्यावर टाकणारे अण्णा मला नवीन होते, आणि का कोण जाणे, मला त्याची भीती वाटली.

मग ती संध्याकाळ आली. ताजी व्यालेली तरणी म्हैस, कास तटतटलेली. रेडकू लावून बाजूला केलं, तरी ती पान्हा सोडेना. म्हशीला हात ओळखीचा आणि ठाम लागतो. अण्णांची बोटं सडावर नुसती थरथरत होती. म्हैस पाय झाडायला लागली. रिकामा पेला धरून गिऱ्हाईक ताटकळलं होतं.

"उठा अण्णा," विरू हळूच म्हणाला आणि त्यांच्या जागी बसला. जरा वेळानं पेल्यात धार वाजायला लागली.

पेला भरून दिल्यावर विरू उठला. अण्णा खांबाला टेकून पाठमोरे उभे होते. त्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले. बापाला धीर देतोय, असं मला वाटलं. मग त्यानं हात काढला आणि स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्याला पुसला. हात दुधानं ओला होता, म्हणूनही पुसला असेल. त्याचं त्याला कळलंही नसेल. पण अण्णांनी मान वळवली होती आणि त्यांना ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानाची पायरी चढून आले. "फोन काडा, वैनी." त्या खेळात एकमेकांना जनावर देता येतं. त्यांनी ढेकळ्या मला दिला.

"ह्याचं आता तुमी बगा. मला जमंना झालंय."

"मला कुठलं कळतंय अण्णा त्यातलं? विरूला द्या की."

त्यांनी समोरच्या कट्ट्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमच्या खांद्याव पंचा न्हाय. म्हनून तुमास्नी दिलाय."

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला. "राधानगरीला ताईकडं धाडतोय," विरूनं सांगितलं. "हवा बदलाय." आवाज अगदी बापाचा. मला त्याचा राग आला, आणि त्याचे सुजलेले डोळे बघून तो धड टिकलाही नाही. हौद्यात अण्णांची खाट आणि ट्रंक चढवली. फळ्यांच्या फटीत जुनी वैरण अडकलेली होती.

पाऊस सरायच्या आत अण्णा तिकडंच वारले. ढेकळ्या माझ्याकडं आहे. झुंजीत त्याचा काडीचा उपयोग नाही, मी त्याला रोज खाऊ घालते. पण अण्णांची आठवण निघाली की मला तो टेम्पोच दिसतो. तो सुरू झाला तसा विरू भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. कट्ट्यावरच्या गिऱ्हाइकांनी पेल्यात तोंडं घातली. मीही बघायचं नाही असंच ठरवलं होतं, काउंटरवरच्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडं करत होते. टेम्पो वळणावर गेला आणि माझी मान वर झाली. खिडकीतून डोकं बाहेर काढून अण्णा वळून बघत होते.