चरबीचा हमाल

चरबीवर मनापासून जीव लावणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. लातूरच्या एका कॉलेजात ते जीवरसायनशास्त्र शिकवत. पंगतीत कुणी तिसरा लाडू घेतला की त्याचा दंड चाचपून म्हणत, "घ्या, पण ह्याला काम लावा." एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाचाच दंड चाचपला. माझी मेव्हणी त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही.

जिल्हा तेव्हा नवा होता, मी नव्या कचेरीत दिवसभर खुर्चीला चिकटलेला, आणि वर दुष्काळ. त्यातच डॉक्टरांनी रक्तात चरबी फार वाढल्याचं सांगितलं. माझे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले होते आणि मला बेचाळिसावं लागलेलं. मी पार हबकलो. साडू मात्र खुलले. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन घागरी घेऊन दारात हजर. चौकात टँकर यायचा. सगळी गल्ली सायकलला घागरी बांधून पाणी नेई. मला सायकलला हात लावायची बंदी. "चरबी आपल्या पायानं भट्टीत जात न्हाई, साडूबुवा. स्नायूच्या पेशीत भट्टी हाय, तिच्या दारात कार्निटीन नावाचा हमाल. त्यो तिला उचलून आत टाकतो. पण स्नायूनं मागणी केली तर. तुम्ही बसून राहिलात की त्यो बी बिड्या फुकत बसतो." एकदा हे सगळ्या रांगेला समजावताना ते इतके रंगले की आमची पाळी हुकली आणि टँकर रिकामा झाला. मागची म्हातारी म्हणाली, "मास्तर, आता तुमच्या हमालालाच धाडा पान्याला."

तीन महिने मी घागरी वाहिल्या, खांदे सोलून घेतले आणि मनातल्या मनात साडूंचा उद्धार केला. मग तपासणीचा कागद आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. चरबी ठिकाणावर आली होती. साडूंनी तो कागद टँकरच्या रांगेत पहिल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत फिरवला, माझ्या बाह्या वर करून दंड दाखवले, आणि त्या म्हातारीनं आपला पहिला नंबर आम्हाला दिला. निवडणूक जिंकलेला माणूसही इतक्या ऐटीत घरी गेला नसेल.

आता माझी साठी उलटली. साडू नांदेडला मुलीकडे असतात, त्यांचे पाय गेलेत. मी गेलो की घरात नळ असूनही मला खालच्या हापशावर पिटाळतात. घागरी घेऊन वर आलो की खुर्चीतून विचारतात, "हमाल हाय का कामावर?"

"हाय," मी म्हणतो.

मग ते माझा दंड चाचपतात, आणि हात बराच वेळ तिथेच ठेवतात.