भिंत नसलेलं पाणी

दुसरी बादली भरत आली तेव्हा दारावर थाप पडली. मी नळ बंद केला नाही. बादली ओढून घेतली, खाली पातेलं सरकवलं आणि मग दार उघडलं.

दारात डोन्या मेचे उभ्या होत्या. माझ्या खोलीच्या मालकीण. सत्तरीच्या, अंगात फुलांचा गाउन, केसांना जाळी. मेक्सिको सिटीतली माझी ही पहिली सकाळ.

"पाइप फुटला का?"

"नाही. पाणी आलंय. भरून ठेवते."

"कुठून आलंय?"

"नळाला."

त्या आत आल्या. दोन बादल्या, पातेलं, कॉफीचा जग, खिडकीतली फुलदाणी, माझ्या दोन बाटल्या. सगळं काठोकाठ. त्यांनी एकेक वस्तू पाहिली. मग कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या.

"माएस्त्रा, हे पाणी आलेलं नाही. हे गच्चीवरच्या टाकीतलं आहे. टँकर मंगळवारी येणार. तुम्ही माझी टाकी खाली उतरवलीत."

माएस्त्रा म्हणजे बाई, शिकवणारी. आदल्या संध्याकाळी मी तेवढंच सांगितलं होतं. मी माफी मागितली. आठ महिने फोनवर शिकलेल्या स्पॅनिशमधलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

"तुमच्याकडे किती दिवसांनी येतं?"

"आठ. कधी दहा."

"आमच्याकडे आठवड्यातून दोनदा. उन्हाळ्यात काही सांगता येत नाही."

"मग तुम्ही श्रीमंत."

त्या पुन्हा हसल्या. दोन दिवस घरातल्या सगळ्यांनी माझ्या बादल्यांतलं पाणी वापरलं. शेजारणींशी माझी ओळख 'ही पाण्याची बाई' अशी झाली. एवढ्या लांब येऊन इतक्या लवकर कोणी मला बरोबर ओळखेल असं वाटलं नव्हतं.

जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी: पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. माझ्याकडे होता, अमेरिकेतल्या भाच्यामुळे. निघण्याआधी नियम पुन्हा तपासा. मेट्रोचं तिकीट पाच पेसो, कुठूनही कुठंही. पुढचे डबे बायकांसाठी. नळाचं पाणी प्यायचं नाही. वीस लिटरचे जार दारावर येतात, आपल्याकडच्यासारखेच.

मी पन्नाशीची. संभाजीनगरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलं आणि यंदा मुदतीआधी निवृत्ती घेतली. समुद्र पहिल्यांदा चाळिसाव्या वर्षी पाहिला, गुडघ्यापर्यंत. त्यानंतर दहा वर्षं तो डोक्यात होता. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर, प्रवाळ वाचवणाऱ्या एका लहानशा केंद्रात सहा आठवडे स्वयंसेवकांना घेतात, असं कळलं. वयाची अट नव्हती. अट एकच. पहिल्या दिवशी नावेपासून पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी बोयापर्यंत दोनशे मीटर न थांबता पोहायचं. जमलं तर प्रवाळावर काम. नाही जमलं तर सहा आठवडे स्वयंपाकघर आणि किनाऱ्यावरचं शेवाळ उचलणं.

मला पोहता येत होतं. निदान मी तसं समजत होते. परीक्षेआधी हातात अठरा दिवस होते. ते मी एकटीनं फिरण्यात घालवायचे ठरवले.

ओआहाकाला दिवसाची बस घेतली. सात तास. रस्ता आधी धुराड्यांमधून जातो, मग निवडुंगांमधून. निवडुंग माणसाच्या दुप्पट उंच. शेजारच्या सीटवरच्या बाईनं केळीच्या पानातला तामाल दिला. मक्याचं वाफवलेलं पीठ, आत मिरचीचा काळा रस्सा. मी तिला शेंगदाण्याची चटणी दिली. तिनं चाखली, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला.

ओआहाकात बाजारात बसून खा. त्लायुदा मागा. परातीएवढी कडक पोळी, वर घेवड्याचं काळं वाटण, चीज, कोबी. एकीत दोघांचं पोट भरतं. मी एकटीनं खाल्ली. वाढणाऱ्या बाईनं बोटांनी मोजल्यासारखं करून विचारलं, "दुसरी?"

शहराबाहेर मेस्काल, म्हणजे घायपाताची दारू, गाळणारी गावं आहेत. शेअर टॅक्सी जाते, पाच जण दाबून बसवते. एका अंगणात खेचर दगडी चाक ओढत गोल फिरत होतं. चाकाखाली भाजलेल्या घायपाताचा चोथा होत होता. मालक म्हणाला, हे खेचर सुट्टीच्या दिवशी शेतात सोडलं तरी गोलच चरतं. मी हसले. नंतर चार दिवसांनी ते मला आठवलं.

मेरिदाला विमानानं गेले. बसला सबंध दिवस आणि रात्र लागते, कंबर हवी असेल तर टाळा. मेरिदाहून ओमून गाव तासाभरावर. तिथं आपल्या रिक्षासारख्या मोटोटॅक्सी मिळतात आणि दिवसभर सेनोतेंच्या फेऱ्या मारतात. सेनोते म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडं पडलेलं जमिनीखालचं पाणी. लोक त्याचं फार वर्णन करतात. मला बघताक्षणी वाटलं, ही विहीर आहे. आपली काळ्या दगडाची, ही पांढऱ्या. पायऱ्या, थंड वास, वर आभाळाचा गोल तुकडा, भिंतीतून लोंबणारी मुळं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी घरी आले होते.

पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करावी लागते, क्रीम लावलेलं चालत नाही. लाइफ जॅकेट देतात. मी नको म्हटलं. पाणी इतकं स्वच्छ की आपल्या पायांची लाज वाटावी. मी पोहत राहिले. खूप वेळ, आनंदानं.

वर मोटोटॅक्सीवाला चेमा पायरीवर बसून संत्रं सोलत होता. तो ओरडला, "सेन्योरा, काही हरवलंय का?"

"नाही. का?"

"पाच वेळा भिंतीच्या कडेकडेनं फिरलात. मला वाटलं अंगठी शोधताय."

"मी पोहतेय."

"मधे पण पाणी आहे. तिथले मासे आंधळे आहेत, चावत नाहीत."

मी मधे जाऊन बघितलं. सरळ निघाले, आणि दहा हातांनंतर डावीकडची भिंत समोर आली. पुन्हा निघाले. पुन्हा भिंत. तेव्हा खेचर आठवलं.

हे सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल. नामांतराच्या पेटलेल्या दिवसांत गावातलं आमचं घर जळलं. मी तेव्हा कडेवरची. बाबा आम्हाला घेऊन शहरात आले. एमआयडीसी वाढत होती, कारखान्यांना माणसं हवी होती. चिकलठाण्याला मशीनवर काम मिळालं, पडेगावला भाड्याची खोली. तिथं बिरूमामा होते, मेंढरंवाले, दोन एकर रान आणि एक विहीर. बाबांशी त्यांची तंबाखूवरून दोस्ती झाली. गावाकडं विहिरीच्या काठालाही आम्हाला जागा नव्हती. इथं बिरूमामांनी स्वतः माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि मला ढकललं. मी नऊ वर्षांची होते. कारखान्यातली पहिली पाळी सुटली की बाबा काठावर येऊन बसायचे, हातात मोटेचा जुना दोर. त्यांचा एकच नेम होता. डावा हात भिंतीला पुरला पाहिजे. बाकीची पोरं मधून सूर मारायची. ती मला बेशिस्त वाटायची.

पुढं नामांतर झालं. माझ्या एम.ए.च्या पदवीवर विद्यापीठाचं नवं नाव आलं. बाबांनी ती काचेत लावली. विहीर मात्र बुजली. त्या जागी आता गोदाम आहे. चाळीस वर्षांत मी दुसरीकडं कुठं पोहले नाही.

चेमानं परतल्यावर पैसे घेताना म्हटलं, "समुद्रात जाताय ना? तिथं भिंत फार लांब आहे. क्यूबाला."

मेरिदाहून चेतुमालला सहा तास, तिथून माहाउआलला अडीच, पुढं केंद्राचा ट्रक. रस्ता शेवटी वाळूचा होतो. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि त्या पाण्याचा रंग. तो मी लिहून बघितला. खोडला.

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाचा तो पहिला दिवस. घेणारी लूपे, सव्वीस वर्षांची, समुद्रजीवशास्त्र शिकलेली, कडक. नाव चालवणारे डॉन नाचो. इथला डॉन म्हणजे आपल्याकडचा 'राव', बाईमाणसाला डोन्या. माझ्याबरोबरचे दोघे विशीतले. ते बोयापर्यंत जाऊन हात हलवत बसले. मग मी उडी मारली.

दम चांगला होता. हात, श्वास, हात, श्वास. मोजत होते. पोहून पोहून खूप झालं तेव्हा वर बघितलं. समोर नाव होती. तीच. डॉन नाचो टोपी काढून पोट धरून हसत होते.

"स्वागत आहे, माएस्त्रा! कसा झाला प्रवास?"

मी मोठा गोल पुरा करून निघाले तिथंच आले होते.

"दोनशेच्या वर झालं," डॉन नाचो लूपेला म्हणाले. "कागदावर 'सरळ' कुठं लिहिलंय?"

लूपे हसली नाही. "प्रवाळावर मोजायची टेप लावून काम चालतं, काका. सरळ रेषेत. आणि तिथं प्रवाह आहे. तो हिला परत नावेपाशी आणून सोडणार नाही." मग माझ्याकडं वळली. "तुम्ही बघता कुठं?"

"डावीकडं."

"डावीकडं काय आहे?"

मी डावीकडं पाहिलं. नुसतं पाणी.

"उद्या एकदा. नाही झालं तर स्वयंपाकघर. तिथं चांगलं जेवण मिळतं," ती म्हणाली. हे शेवटचं तिनं खरंच धीर द्यायला म्हटलं होतं.

संध्याकाळी धक्क्यावर गेले. फोनला रेंज फक्त तिथं. आपल्याकडं पहाटेचे साडेचार. नळाचा दिवस होता, म्हणजे बाबा उठलेले असणार.

"झाली का गं पास?"

"नाही. गोल फिरले."

"म्हंजी?"

"विहिरीत फिरायचे तशी. नावेपासनं निघाले, नावेलाच आले."

ते हसले. हसता हसता खोकले. मग म्हणाले, "भिंत नाय व्हय तिथं?"

"समुद्राला कसली भिंत, बाबा? तुम्हीच शिकवलं. डावा हात भिंतीला पुरला पाहिजे. विहिरीचा नेम."

तिकडून घमेलं सरकवल्याचा आवाज आला.

"त्यो विहिरीचा नेम नव्हता," ते म्हणाले.

"मग?"

"बाकीची पोरं मधून जायचीच की. मला पवता येत नव्हतं, बाई. शिकणार कुठं? बिरू मेंढरं घेऊन गेला की वर मी एकटाच. तू मधी बुडाली असती तर म्या काय केलं असतं? कडंला असली तर दोर पुरत व्हता. म्हणून म्हणलो."

मी धक्क्याच्या कडेला बसले.

"त्या दोराची लांबी बघून म्हणलो. पोहण्याचं त्यात काय नव्हतं. आता तिथवर माझा दोर लई कमी पडतो. तू आपली सरळ जा." मग घाईनं, "पाणी आलं बघ. ठिवतो."

सकाळी वारा नव्हता. मी उडी मारली. डावा हात प्रत्येक वेळी काहीतरी शोधत पुढं जात होता. तो तसाच जाऊ दिला. श्वास मात्र उजवीकडून घेतला. त्या बाजूला मी आजवर मान वळवलीच नव्हती. तिथं सगळा समुद्र होता. चार हात मारले की मान उचलून नारिंगी ठिपका बघायचा. ठिपक्याची वाटी झाली. वाटीचं घमेलं झालं. मग ते माझ्या कपाळावर आपटलं.

मी बोया मिठीत धरून ओरडले. काय ओरडले ते विशीतल्या दोघांनी मला नंतर विचारलं. सांगितलं नाही, मराठीत होतं.

डॉन नाचोंनी नाव जवळ आणून दोर फेकला. तो दोन हात कमी पडला.

"थांबा, पुन्हा टाकतो."

"राहू द्या," म्हटलं, आणि परत पोहत निघाले. थोडी डावीकडं गेले. पण पोचले.

पुढचे सहा आठवडे काम. टेप, पाटी, पेन्सिल. पाण्याखाली पेन्सिल चालते हे तिथं कळलं. प्रवाळाचे रोगट तुकडे नोंदवायचे, कोवळी रोपं ब्रशनं घासून स्वच्छ ठेवायची. फार सुंदर आणि फार कंटाळवाणं काम आहे. जायचं असेल तर दोन्हीची तयारी ठेवा. बिनबाह्यांचा पोहण्याचा पोशाख नेऊ नका, पाठ सोलून निघते. घरच्या चटणीचा पुडा जास्तीचा न्या. आणि आधी सरळ पोहून बघा.

परत आले तेव्हा बाबा स्टेशनवर रिक्षा घेऊन उभे होते. ब्याऐंशीव्या वर्षी, इस्त्रीच्या शर्टात. घरी पोचल्यावर त्यांनी बोयाजवळचा माझा फोटो भिंग लावून बघितला. माझ्यापेक्षा पाणीच जास्त वेळ बघितलं.

"खोल किती?"

"तिथं पंचवीस फूट. पुढं मोजत नाहीत."

"आन् कडंला कोण बसलं व्हतं?"

"कोणी नाही."

त्यांनी मान हलवली. फोटो काचेत लावायचं ठरलं. पदवीशेजारी जागा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला नळाला पाणी आलं. आम्ही दोघांनी भांडी भरली.