पिन हातात, पेटी चालू

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर खोटारडा म्हणत आलो. शिक्षण माझं चौथीपर्यंत, पण तीस वर्षं गिरणीत मशीनवर काढलीत... मशीन खोटं बोलत नाही. म्हणून हे लिहितोय. हसायचं तर हसा.

मुंबईत चारकोपला आमची वन रूम किचन. मे महिन्यात मुलगी अमेरिकेहून आली, सोबत चार वर्षांची नात मीरा. मीराला झोपवायची एक पेटी होती — वायर लावली की समुद्राच्या लाटांचा आवाज. त्याशिवाय पोरगी झोपतच नाही. एका दुपारी मीराला माझ्याजवळ ठेवून बायको आणि मुलगी बाजारात निघाल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, नुसती पिन जोडू नका हां. आधी हा जड कन्व्हर्टर लावा. तिकडची वस्तू एकशेदहा व्होल्टवर चालते, इथल्या दोनशेतीसवर जळेल."

"मला शिकवतेस? गिरणी चालवलीय मी!"

"अहो, गिरणी काय तुम्ही एकटेच चालवत होतात?" बायको चपला घालता घालता म्हणाली.

थोड्या वेळाने मीरा झोपेसाठी रडायला लागली. तो कन्व्हर्टर विटेएवढा, बोर्डाला धड बसेना. म्हटलं, पिन बसली म्हणजे झालं. छोटा अडॅप्टर लावला, बटण दाबलं... फट्! जळका वास. आता ही झोपणार कशी, आणि मुलीला तोंड काय दाखवू? पिन उपटून हातात घेतली.

आणि पेटी वाजायला लागली.

रोजच्या त्या एकसारख्या लाटा नव्हत्या. लाट फुटायची, मग वाळूवरून सरसरत मागे जायची... मालवणकडच्या आमच्या गावात जाते तशी. मधेच लांबून कुणीतरी हाळी द्यायचं, कोळी रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढताना देतात तशी. मीरा गाढ झोपली. मी पिन हातात धरून तासभर बसून राहिलो. भीती नाही वाटली. बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मुलगी आल्यावर जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "माझं चुकलं." आवाजाचं मात्र कुणालाच सांगितलं नाही — म्हातारा चळला म्हणाल्या असत्या. दुसऱ्या दिवशी रिपेअरवाल्याने पेटी उघडली. "काका, आत सगळा कोळसा झालाय. ही आता वाजणं शक्यच नाही."

गेल्या आठवड्यात मीराचा व्हिडिओ कॉल आला. आईने तिला नवीन पेटी घेतलीय, पण बाईसाहेब खूश नाहीत. म्हणाली, "आजोबा, यात तो हाका मारणारा माणूस नाहीये."

तो कोण होता, मलाच अजून कळलेलं नाही.

जळकी पेटी कपाटावर आहे. बायको म्हणते, "भंगारात द्या हो."

नाही देणार.